बाळंतिणीचें पोट : चेष्टा, जाहिरात आणि उपेक्षा

ज्या विषयांवर बोलणें असभ्य समजलें जातें, पण ज्यांवरून टोमणा मारणें मात्र असभ्य समजलें जात नाहीं, अशा विषयांपैकीं एक आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. बाळंतपणानंतर पुष्कळ स्त्रियांचें पोट पूर्ववत् बसत नाहीं. डिंकाचे लाडू संपतात, बारसें होऊन जातें, मूल पालथें पडूं लागतें, तरी पोट पुढें तें पुढेंच राहतें. मग हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवांत किंवा लोकलच्या डब्यांत तिला कोणीतरी विचारते, 'काय, पुन्हां कांहीं विशेष?' विचारणारी हंसते, भोंवतालच्या हंसतात, आणि जिला विचारलें तीहि हंसते; कारण न हंसल्यास ती उर्मट ठरते. या हंशामागें शरीरांतील एक साधी, समजण्याजोगी आणि बऱ्याच अंशीं सुधारतां येण्याजोगी गोष्ट आहे, हें त्या बैठकींतील एकीलाहि ठाऊक नसतें. पुरुषांना ठाऊक असण्याचा तर प्रश्नच नाहीं.

ती गोष्ट अशी. पोटाच्या पुढच्या बाजूस, बरगड्यांपासून ओटीपोटाच्या पुढील हाडापर्यंत, दोन लांबट स्नायू शेजारीं शेजारीं उभे उतरतात. शारीरशास्त्रांत त्यांना रेक्टस ॲब्डॉमिनिस म्हणतात. हे दोन स्नायू एकमेकांस थेट चिकटलेले नसतात. त्यांच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या टोंकापासून खालपर्यंत, पांढऱ्या चिवट तंतूंची एक पट्टी असते. तिचें नांव लिनिआ आल्बा, म्हणजे शब्दशः पांढरी रेघ. पोटाच्या दोन्ही कुशींस स्नायूंचे जे तीन थर आहेत, त्यांचे पातळ पण बळकट पदर पुढें येऊन याच पट्टींत विणले जातात. तेव्हां ही पट्टी म्हणजे दोन स्नायूंमधली रिकामी जागा नव्हे. डाव्या बाजूचा जोर उजव्या बाजूस पोंचविणारी ती मधली शिवण आहे. गर्भ वाढूं लागला म्हणजे पोटाच्या भिंतीला त्याच्यासाठीं जागा करावी लागते. स्नायू लांबतात, मधली पट्टी रुंद आणि पातळ होते, व ते दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. डॉक्टर यास डायास्टॅसिस रेक्टाय म्हणतात. आम्ही त्यास उदरस्नायूंची फाकण म्हणूं. येथें कांहीं फाटत नाहीं आणि भोंकहि पडत नाहीं. हर्नियांत भिंतीला छिद्र पडून आंतला भाग त्यांतून बाहेर येतो. फाकणींत भिंत अखंड असते, पण सैल पडते. या दोन गोष्टी एकाच स्त्रीच्या पोटांत एकदम असूं शकतात, विशेषतः बेंबीपाशीं. म्हणून त्यांतील भेद माणसानें जाणला पाहिजे.

आतां हें किती जणींच्या बाबतींत घडतें तें पाहूं. पोर्तुगालमधील एका अभ्यासांत, जो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, पहिलटकरणींच्या पोटाचें सोनोग्राफीनें मोजमाप घेण्यांत आलें. गर्भारपणाच्या ३५ व्या आठवड्यांत फाकण १०० टक्के स्त्रियांत आढळली. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनीं ती ३९ टक्के स्त्रियांत शिल्लक होती. नॉर्वेमधील ३०० पहिलटकरणींच्या अभ्यासांत, जो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं ६० टक्के, सहा महिन्यांनीं ४५.४ टक्के आणि वर्ष भरल्यावर ३२.६ टक्के स्त्रियांत फाकण होती. एका ठिकाणीं यंत्रानें मोजलें, दुसरीकडे बोटांनीं चांचपून. त्यामुळें आंकडे तंतोतंत जुळत नाहींत. परंतु दोन्हींतून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. गर्भारपणाच्या अखेरीस पोट फाकणें हा निसर्गाचा नियम आहे, अपवाद नव्हे. पुष्कळ जणींची फाकण पुढें आपोआप कमी होते. आणि वर्षानंतरहि सुमारें तिघींपैकीं एकीच्या पोटांत ती उरते.

इतक्या सार्वत्रिक गोष्टीला आमच्या बोलण्यांत स्वतंत्र शब्द नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. डोहाळे, ओटीभरण, पांचवी, बारसें, मुलाच्या आगमनाच्या प्रत्येक पायरीला आमच्याजवळ नांव आहे आणि समारंभ आहे. आईच्या पोटाचें पुढें काय झालें, यासाठीं मात्र 'पोट सुटलें' एवढाच शब्द. आणि तोच शब्द खाऊन-पिऊन सुस्त झालेल्या शेटजींच्या पोटालाहि! एकाच्या पोटावर चरबी सांचली, दुसरीच्या पोटाची भिंत ताणली गेली. एकानें खाल्लें, दुसरीनें नऊ महिने वाहिलें. पण भाषेनें दोघांवर एकच आरोप ठेवला. म्हणूनच तिला सल्ला मिळतो तोहि त्याच मासल्याचा : भात सोड, रात्रीचें जेवण कमी कर. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस उपाशी ठेवून तिच्या पोटाची शिवण घट्ट करूं पाहणारा हा उपाय आमच्या चांगल्या शिकलेल्या घरांतूनहि सुचविला जातो.

या स्थितीला जबाबदार कोण, हें पाहतांना प्रथम घराकडे वळणें प्राप्त आहे. बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची आमची रीत आहे. तेलाचें मर्दन, शेक, अळीव, आणि पोटाला जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा. या पट्ट्याची परंपरा फार जुनी आहे. प्रसूत स्त्रीच्या पोटास तूप-तेल लावून तें मोठ्या स्वच्छ वस्त्रानें वेष्टावें, म्हणजे तेथें वायूस अवकाश मिळत नाहीं, असें चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलेलें आहे. या परंपरेची टवाळी करण्याची आमची इच्छा नाहीं. सैल पडलेल्या भिंतीला बाहेरून आधार मिळाला तर उठतां-बसतांना बरें वाटतें. सिझेरियन झालेल्या स्त्रीला पहिल्या दिवसांत खोकतांना व चालतांना पट्ट्याचा उपयोग होतो. शिवाय तो सव्वा महिना बाईला चुलीपासून व विहिरीपासून दूर ठेवीत असे, ही त्या रीतींतील सर्वांत मोलाची गोष्ट होती.

आमचा आक्षेप त्यापुढच्या भागाला आहे. सव्वा महिना भरला, बाईनें न्हाऊन देवाला नमस्कार केला, कीं दुसऱ्या दिवसापासून तिचें शरीर बरें झालें असें घर धरून चालतें. कालपर्यंत जिला पाण्याचा तांब्या उचलूं देत नव्हते, तिच्या हातीं आज ओल्या कपड्यांची बादली येते. मधली पायरीच नाहीं. मोडलेल्या हाताचें प्लास्टर काढल्यावर तो हात पुन्हां वळवायला, उचलायला शिकवावा लागतो, हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे. त्यासाठीं आम्ही पैसे देऊन फिजिओथेरपिस्टकडे जातों. नऊ महिने ताणलेल्या पोटाला मात्र शिकवायचें कांहीं असतें, हें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. पट्टा स्नायूला आधार देतो, पण स्नायूला काम शिकवीत नाहीं. तो जितका जास्त आंवळावा तितकें पोट लवकर आंत जाईल, ही समजूत तर सर्वस्वी चुकीची. आंवळल्यानें आंतला दाब नाहींसा होत नाहीं. तो खालीं उतरण्याचा संभव असतो, आणि खालीं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू प्रसूतीनें आधींच शिणलेले असतात.

घराचें अज्ञान निदान फुकट मिळत होतें. त्याच्या जागीं आतां बाजाराचें अज्ञान आलें आहे, आणि तें भारी किंमतीला विकलें जातें. फोनवर, मासिकांत, औषधाच्या दुकानांत जिकडेतिकडे पट्टे, चहा, लेप आणि तेलें यांच्या जाहिराती. कोठें पंधरा दिवसांत पोट सपाट. कोठें 'लग्नापूर्वीचा बांधा परत'. जणूं काय मूल होणें हा एक अपघात होता आणि त्याची खूण पुसून टाकली कीं बाई पुन्हां पूर्ववत् शोभेची वस्तु झाली! या जाहिरातदारांना स्नायूशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्यांचा व्यापार आरशाशीं आहे. कोणताहि लेप कातडीखालून, चरबीखालून त्या मधल्या पट्टीपर्यंत पोंचून ती घट्ट करूं शकत नाहीं, आणि कोणत्याहि चहानें तंतु विणले जात नाहींत. हें सांगण्यास पांडित्य नको; पण लाज वाटणाऱ्या माणसाला साधी गोष्टहि दिसेनाशी होते, आणि ती लाज उत्पन्न करणें हेंच या धंद्याचें भांडवल आहे.

बाजाराची दुसरी जात याहून सभ्य दिसते. ती भीति विकते. डोकें उचलाल तर पोट आणखी फाकेल. वांकूं नका, उचलूं नका, अमुक व्यायाम केलात तर जन्माची अधू व्हाल. मात्र आमचा बारा आठवड्यांचा वर्ग लावा, म्हणजे फट मिटेल. या उपदेशाचा परिणाम असा होतो कीं, धडधाकट तरुण स्त्री स्वतःच्या पोटाला कांचेचें भांडें समजूं लागते. तेव्हां व्यायामासंबंधीं आज जें खरोखर माहीत आहे तें सांगणें अवश्य आहे.

डायन ली व पॉल हॉजिस यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, उताणें निजून डोकें उचललें असतां दोन उभ्या स्नायूंमधील अंतर कमी होतें. उलट पोटाचा सर्वांत खोल आडवा स्नायू आधीं आंवळून मग डोकें उचललें, तर अंतर तितकेंसें कमी होत नाहीं. पण मधली पट्टी अधिक ताठ राहते आणि तिचा आकार कमी बिघडतो. नॉर्वेंत २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत १७५ स्त्रियांपैकीं कांहींना प्रसूतीच्या सहा आठवड्यांनंतर सोळा आठवडे व्यायामवर्गांत घातलें. वर्गांत गेलेल्या व न गेलेल्या स्त्रियांत फाकणीच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं. तेथेंच २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणींत फाकण असलेल्या ७० स्त्रिया घेतल्या. त्यांतील एका गटानें बारा आठवडे डोकें व खांदे उचलण्याचे व्यायाम केले, ज्यांची बाजारांत एवढी भीति घातली जाते. त्यांची फाकण वाढली नाहीं. कमीहि झाली नाहीं. पण पोटाची शक्ति वाढली.

या सर्वांचा मथितार्थ दोन्ही प्रकारच्या विक्रेत्यांस गैरसोयीचा आहे. व्यायामानें फट हमखास मिटते हें खरें नाहीं, आणि व्यायामानें ती वाढते हेंहि खरें नाहीं. खरें एवढेंच कीं, फट जेवढी आहे तेवढी राहूनसुद्धां पोट बळकट होऊं शकतें. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, या प्रश्नांत बोटें मोजण्याला जें महत्त्व आलें आहे तें काढून घ्यावें, आणि बाईला काय करतां येतें, काय करतांना त्रास होतो, हें मोजावें. मूल न झालेल्या १५० स्त्रियांची २००९ सालीं सोनोग्राफीनें पाहणी झाली, तेव्हां बेंबीच्या तीन सेंटिमीटर वर २२ मिलिमीटरपर्यंतचें अंतर स्वाभाविक धरावें असें ठरलें. म्हणजे ज्यांनीं कधीं गर्भ वाहिला नाहीं, त्यांच्याहि पोटांत दोन स्नायूंमध्यें जागा असते. अशा स्थितींत शून्य अंतराचा ध्यास धरणें म्हणजे जें निसर्गानें कोणालाच दिलेलें नाहीं तें मागणें होय.

तिसरा आरोप आम्हांस वैद्यकावर ठेवावा लागतो, आणि तो अधिक दुःखानें. गर्भारपणांत दर महिन्यास, पुढें दर आठवड्यास तपासणी; वजन, रक्तदाब, रक्त, सोनोग्राफी. मूल जन्मलें कीं सारी यंत्रणा मुलाकडे वळते. त्याचें वजन होतें, त्याच्या लशींचें वेळापत्रक भिंतीवर लागतें. आईला सहा आठवड्यांनीं एकदां बोलाविलें तर बोलावितात; टांके पाहतात, पाळणा लांबविण्याचा सल्ला देतात. तिनें भीतभीत पोटाविषयीं विचारलें, तर उत्तर मिळतें, 'होतें असें. आतां मूल झालें ना?' जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत आई व मूल यांची निदान चार वेळां भेट घ्यावी असें सांगितलें. अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनें २०१८ सालीं, प्रसूतीनंतरची काळजी ही एका भेटींत उरकण्याची बाब नव्हे, असें बजावलें. फ्रान्समध्यें बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना शिक्षण देण्याचीं सत्रें सार्वजनिक आरोग्यविम्याच्या खर्चानें मिळतात, व तिकडे त्यांत कोणाला श्रीमंती दिसत नाहीं. आमच्याकडे ज्या डॉक्टरांनीं मूल सुखरूप बाहेर काढलें, त्यांनींच आईच्या पोटावर एकदां हात ठेवून तिला दोन वाक्यें सांगावीं, एवढी अपेक्षाहि जास्त ठरते.

डॉक्टरांच्या बाजूनें एक गोष्ट बोलली जाते, आणि ती खरी असल्यामुळें तिची दखल घेतली पाहिजे. वर सांगितलेल्या पोर्तुगाल व नॉर्वे या दोन्ही ठिकाणच्या अभ्यासांत फाकण असलेल्या स्त्रियांना कमरेचें व ओटीपोटाच्या सांध्यांचें दुखणें इतरांपेक्षां अधिक होतें असें आढळलें नाहीं. मग फाकण राहिली म्हणून बिघडलें काय? आमचें उत्तर असें. शंभर जणींची सरासरी काढली असतां दुखणें वाढलेलें दिसत नाहीं, यावरून भीति न घालण्याचा धडा घ्यावा. तपासणी न करण्याचा नव्हे. त्या शंभरांतील जी बाई म्हणते कीं, मला पाळण्यांतून मूल उचलतांना पोटांत जोरच लागत नाहीं, उठतांना मध्यावर होडीसारखा उंचवटा येतो, शिंक आली कीं लघवी थेंबथेंब जाते, तिला सरासरी सांगून परत पाठविणें हा शास्त्राचा उपयोग नव्हे, शास्त्राची आडसोय आहे. तिची तक्रार फाकणीमुळें असो, तळाच्या स्नायूंमुळें असो, वा दुसऱ्या कशामुळें असो. ती शोधण्यासाठींच तर तपासणी हवी.

दुसरा आक्षेप घरच्या वडीलधाऱ्यांकडून येतो. आमच्या आज्यांनीं आठ-आठ बाळंतपणें केलीं, त्यांना कोठें होतें हें फाकणीचें थोतांड? शेतांतल्या बायका आजहि बांधावर बाळंत होतात! या युक्तिवादांत एक खोच आहे, ती अशी कीं, आजीला कोणीं विचारलेंच नव्हतें. तिचें अंग बाहेर येत असे, तिची कंबर चाळिशींत वांकत असे. तें तिनें आपल्या सुनेलाहि सांगितलें नाहीं. तक्रार ऐकूं आली नाहीं यावरून दुखणें नव्हतें असें ठरविणें सोयीचें खरें, पण न्यायाचें नव्हे. राहिली शेतांतली बाई. नॉर्वेच्या अभ्यासांत आठवड्यांतून वीस वेळां वा अधिक जड ओझें उचलणाऱ्या स्त्रियांत फाकणीचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट आढळला. ओझ्यामुळेंच ती राहिली असें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. तरीहि मराठवाड्यांतून ऊसतोडीला जाणारी ओली बाळंतीण डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, तें तिला सोसतें म्हणून नव्हे, दुसरा मार्ग नाहीं म्हणून. तिच्या नाइलाजाचा दाखला देऊन आपल्या सुनेच्या तोंडाला कुलूप घालणें, हा दोघींचाहि अपमान आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, हे सारे नखरे आहेत. आई झाल्यावर बांध्याची एवढी हौस कशाला? गंमत ही कीं, हा आक्षेप घेणारेच मांडवांत हंसत असतात. पोटाला हंसायचें, आणि पोटाची काळजी घेतली तर हौशी म्हणायचें, हीं दोन्ही सुखें एकाच माणसाला मिळूं नयेत. बाईला आपलें शरीर नीट दिसावें असें वाटलें तर त्यांत पाप नाहीं. पण येथें मुद्दा दिसण्याचा नसून मूल कडेवर घेऊन तीन मजले चढण्याचा आहे.

तर मग करावें काय? प्रथम गर्भारपणांत. फाकण सर्वस्वी टाळतां येत नाहीं, हें एकदां मनाशीं मान्य केलें म्हणजे अर्धी भीति जाते. डॉक्टरांची कांहीं विशेष मनाई नसेल तर आठवड्यांतून दीडशे मिनिटें चालण्यासारखा मध्यम व्यायाम गर्भवतीनें करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची सूचना आहे. बिछान्यांतून उठतांना सरळ उसळी न घेतां कुशीवर वळून हाताच्या आधारानें उठणें सोयीचें पडतें; हीच संवय बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांतहि ठेवावी.

बाळंतपण सरळ झालें असेल तर पहिल्या कांहीं दिवसांतच, पडल्या पडल्या, श्वास सोडतांना पोटाचा खालचा भाग हळूच आंत घेणें आणि तळाचे स्नायू वर ओढून सोडणें, एवढ्यानें आरंभ करतां येतो. मग घरांतल्या घरांत चालणें. सिझेरियनच्या शस्त्रक्रियेंत पोटाचे उभे स्नायू बहुधा कापीत नाहींत, बाजूस सारतात; तरी वरचा पदर शिवलेला असतो, म्हणून तेथें डॉक्टरांना विचारून सावकाशीनें चालावें. सहा आठवड्यांच्या सुमारास पोट तपासावें. उताणें निजून गुडघे वांकवावे, बोटांचीं टोकें बेंबीच्या जरा वर मध्यरेषेवर शेजारीं शेजारीं ठेवावीं, आणि डोकें किंचित् उचलावें; दोन्ही बाजूंनीं स्नायूंच्या कडा बोटांना लागतात. तसेंच बेंबीवर व बेंबीखालीं पाहावें. किती बोटें मावलीं यापेक्षां बोटांखालीं पट्टी ताठ लागते कीं मऊ खोलगट, याकडे अधिक लक्ष द्यावें. प्रत्येकीच्या बोटाची जाडी निराळी. तेव्हां या मापाचा बाऊ करूं नये. युरोपांतील हर्नियातज्ज्ञांच्या संस्थेनें २०२१ सालीं दोन सेंटिमीटरांहून अधिक अंतरास फाकण म्हणावें असें ठरविलें, पण उपचाराचा आरंभ व्यायामानेंच करण्यास सांगितलें.

पुढील आठवड्यांत ओझें पायरीपायरीनें वाढवावें : उताणें निजून कंबर उचलणें, मग खुर्चींतून हात न टेकतां उठणें, मग हातांत वजन, मग डोकें-खांदे उचलणें. वजन उचलतांना श्वास कोंडूं नये, सोडावा. कांहीं करतांना लघवी गळली, खालीं जडपणा वाटला, किंवा मधला उंचवटा आंवरेना, तर तो व्यायाम कायमचा वर्ज्य समजूं नये; एक पायरी खालीं उतरून पुन्हां चढावें. बद्धकोष्ठ व जुना खोकला यांच्यावर इलाज करावा, कारण दोन्ही पोटावर रोजचा दाब आणतात. बेंबीपाशीं गांठ येऊन ती दुखूं लागली, कठीण झाली, आंत जाईना, आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर मात्र व्यायाम, पट्टा, आजीचा काढा सारें बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें. तो हर्निया अडकल्याचा संभव असतो. निदान सहा महिने मन लावून व्यायाम करूनहि ज्यांचा त्रास राहतो, अशा थोड्या जणींसाठीं शस्त्रक्रिया आहे. त्यांत मधली सैल पट्टी दुमडून शिवतात. ती पुढें मूल नको असें ठरल्यानंतर करावी, आणि जाहिरात वाचून नव्हे, सर्जनशीं बोलून करावी.

परंतु ही सारी यादी बाईच्या हातीं देऊन मोकळें होणें म्हणजे पुन्हां तिच्यावरच ओझें टाकणें होय. व्यायामाला दिवसाचीं वीस मिनिटें लागतात; तीं ज्या घरांत तिला मिळत नाहींत तेथें तिच्या आळसाची चर्चा करण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्यें वायूच १४.२ किलो असतो. टाकीचें लोखंड धरून तें तीस किलोंच्या आसपास जातें. तें कोण सरकवितें? पिंपाचें पाणी कोण उपसतें, रात्रीं तीनदां मुलाला कोण उचलतें? ज्या नवऱ्यानें गर्भारपणांत पिशवी उचलूं दिली नाहीं, त्यानें बाळंतपणानंतरचे सहा महिने बादली उचलूं देऊं नये, इतका साधा आमचा आग्रह आहे. कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनें पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची केली. ती ज्यांना मिळते त्यांच्या घरीं ती रजा घरकामाची पाळी समजली जाते. आणि आमच्याकडे भांडीं घासणाऱ्या, लादी पुसणाऱ्या बाईला तर तीहि मिळत नाहीं. ती बाळंत झाल्यावर दीड महिन्यांत परत येते, आणि आम्ही 'बरें झालें, लवकर आलीस' असें म्हणून तिच्यापुढें बादली सरकवितों. तिच्या पोटाची गोष्ट आमच्या पोटाच्या गोष्टीहून निराळी नाहीं, हें या मासिकाच्या वाचकांनीं विसरूं नये. तिला पगारी रजा देणें कायद्यानें भाग पाडण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हां त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु आर्यांतील प्रसूतिशास्त्र हा होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून, शरीराविषयीं घरांत कुजबुजलें जाणारें सारें छापील अक्षरांत आणलें. ज्या महाराष्ट्रांत हें घडलें, तेथें आज बाळंतिणीच्या पोटाविषयीं बोलण्यास संकोच वाटावा हें आमच्या इतिहासास शोभत नाहीं. आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक प्रसूतिगृहानें घरीं पाठवितांना मुलाच्या लशींच्या कागदाबरोबर आईच्या पोटाचा व तळाच्या स्नायूंचा व्यायामहि मराठींत लिहून द्यावा. सहा आठवड्यांच्या भेटींत प्रत्येक आईचें पोट हातानें तपासावें, व गरज दिसेल तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवावें. सरकारी दवाखान्यांत हें फुकट व्हावें. आणि घरांतील माणसांनीं तो एक प्रश्न विचारणें बंद करावें. पहिल्या दोन गोष्टींना पैसा, माणसें आणि वेळ लागेल. तिसरीला यांतलें कांहींच लागत नाहीं. ती येत्या हळदीकुंकवापासून सुरू करतां येईल.